‘मॉलिफाय’ : राग मऊ होतो, तक्रार तशीच राहते

वाचक भगिनीचे पत्र : “मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, बँकेच्या शाखेत दोन वर्षांपासून लिपिक आहे. मागच्या आठवड्यात साठीच्या पुढचे एक शेतकरी काका फार संतापून आले. पीकविम्याची रक्कम खात्यावर आली आणि त्यांना न विचारता थकीत कर्जाकडे वळती झाली, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना बसवले, पाणी दिले, चहा मागवला, पाऊण तास त्यांचे ऐकून घेतले आणि ‘सोमवारी या, तोवर मी चौकशी करून ठेवते’ असे सांगितले. ते शांत होऊन गेले. दुसऱ्या दिवशी साहेबांचा इंग्रजी ई-मेल आला, की ग्राहकाला ‘मॉलिफाय’ केल्याबद्दल आभार. शेजारचे सहकारी म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही त्याला गोड बोलून गुंडाळलं.’ तेव्हापासून मन खट्टू झाले आहे. एका शब्दकोशात ‘शांत करणे’ असा अर्थ मिळाला, दुसऱ्यात ‘मऊ करणे’. हे कौतुक समजावे की आणखी काही? शिवाय महिनाअखेरच्या मराठी अहवालात ही नोंद मलाच करायची आहे. तिथे कोणता शब्द लिहू?”

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. एका परक्या शब्दाने मन खट्टू व्हावे, यात लाजण्यासारखे काही नाही. आयुष्यभर मराठवाड्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवताना मी हेच पाहत आलो, की शब्द अर्धवट कळला की तो जास्त बोचतो आणि मुळापासून कळला की त्याची धार आपल्या हाती येते. म्हणून सल्ला देण्याआधी या शब्दाची कुळकथा सांगतो. ती तुमच्या प्रश्नाबाहेरची नाही, कारण तुम्ही काय केले आणि काय करायचे राहिले आहे, हे त्या कुळकथेतच सापडते.

‘मॉलिफाय’ हा शब्द इंग्रजीत सुमारे सहाशे वर्षांपूर्वी फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आलेला होता. लॅटिनमध्ये ‘मॉलिस’ म्हणजे मऊ आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे. या दोहोंच्या जोडणीतून ‘मऊ करणे’ हा अर्थ सरळ उभा राहतो. प्युरिफाय, क्लॅरिफाय, सिम्प्लिफाय या शब्दांच्या शेवटी जो ‘फाय’ तुम्ही रोज ऐकता, तोच हा ‘करणे’. तेव्हा दुसऱ्या शब्दकोशाने तुम्हाला ‘मऊ करणे’ असे सांगितले, ते चुकीचे नव्हते. तो शब्दाचा मूळ अर्थ आहे आणि ‘शांत करणे’ ही त्याची पुढची वाटचाल आहे.

आता या ‘मॉलिस’ची एक गोष्ट सांगतो, जी मला विद्यार्थिदशेत प्रथम कळली तेव्हा रात्री झोप आली नव्हती. संस्कृतातला ‘मृदु’ आणि लॅटिनमधला ‘मॉलिस’ हे सख्खे चुलत भाऊ आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमधले साम्य योगायोगाने आलेले नसून त्या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या असाव्यात, असा विचार विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे मांडला, आणि पुढच्या शतकात भाषाअभ्यासकांनी तो ध्वनींच्या नियमांवर पारखून पक्का केला. त्या मूळ भाषेत ‘मऊ’ या अर्थाचा जो शब्द होता, त्याच्यापासून आपल्याकडे ‘मृदु’ झाला. लॅटिनमध्ये त्यातला ‘द’ शेजारच्या ‘ल’मध्ये मिसळून गेला आणि ‘मॉलिस’मध्ये दोन ल उरले. आपल्याकडेही ‘मृदु’ जसाच्या तसा राहिला नाही. प्राकृतात ‘मृ’चा ‘म’ झाला, जसा ‘मृत्तिका’पासून ‘माती’ होताना झाला, आणि दोन स्वरांमधला ‘द’ गळून पडला, जसा ‘पाद’पासून ‘पाय’ होताना गळाला. उरले ते ‘मउ’, आणि तेच आपले ‘मऊ’. म्हणजे साहेबांनी लिहिलेला तो परका, अवघड वाटणारा इंग्रजी शब्द आणि तुमच्या घरी भाकरीच्या पिठाविषयी रोज उच्चारला जाणारा ‘मऊ’ हे एकाच घराण्यातले आहेत. ‘फाकेरे’ही परका नाही. त्याचे नाते संस्कृतातल्या ‘धा’ धातूशी आहे, जो ‘विधान’ आणि ‘निधान’मध्ये बसलेला दिसतो.

याच घराण्यात आणखी कोण कोण आहे, ते पाहिले तर अर्थ अधिक पक्का बसतो. त्वचेचे डॉक्टर भेगाळलेल्या टाचांसाठी जे मलम लिहून देतात त्याला ‘इमॉलियंट’ म्हणतात, म्हणजे मऊपणा आणणारे. मऊ अंगाच्या प्राण्यांच्या वर्गाला ‘मॉलस्क’ म्हणतात आणि गोगलगाय त्यातलीच. २०२२च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपे ज्या शंखी गोगलगायींनी रातोरात खाल्ली, त्यांच्या गटाचे शास्त्रीय नाव त्यांच्या मऊ अंगावरून पडलेले आहे. नुकसान मात्र मुळीच मऊ नव्हते, हे तुमच्या खिडकीपाशी येणारे शेतकरी तुम्हाला सांगतील. इथे एक सावधगिरीही सांगून ठेवतो. साखर कारखान्यातली मळी इंग्रजीत ‘मोलॅसिस’ असते, आणि ऐकताना ती याच कुळातली वाटते. पण तिचा उगम लॅटिनमधल्या मध या अर्थाच्या शब्दात आहे. नुसत्या आवाजाच्या साम्यावरून नाते जोडू नये.

हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो रागाविषयी कमी आणि शरीराविषयी अधिक वापरला जात होता. गळू, सूज, कडक झालेली गाठ मऊ करणे हे वैद्याचे काम, आणि त्या कामाचे नाव ‘मॉलिफाय’. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात, ज्या जखमा मिटवल्या नाहीत, बांधल्या नाहीत आणि मलमाने मऊही केल्या नाहीत त्यांचा उल्लेख आहे, आणि तिथे हाच शब्द आलेला आहे.

आमच्या लहानपणी मराठवाड्याच्या खेड्यांत गळू झाले की आजी जवस वाटून त्याचे गरम पोटीस बांधत असे. ते बांधल्यावर ठणका कमी होई, आणि आम्हा मुलांना वाटे की आजार गेला. आजीला मात्र ठाऊक असे, की पोटिसाचे काम कातडी मऊ करून गळू पिकवण्याचे आहे. आतला पू निघाल्याशिवाय गळू बरे होत नाही. कातडी मऊ झाली, ठणका थांबला आणि तेवढ्यावर पोटीस सोडून दिले, तर चार दिवसांनी दुखणे दुपटीने उठे. ‘मॉलिफाय’ या शब्दाचा जुना वैद्यकीय अर्थ मनात ठेवला, तर तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्हाला या पोटिसात मिळेल. पाणी, चहा आणि पाऊण तास ऐकून घेणे हे तुम्ही बांधलेले पोटीस होते. ते योग्य होते, आवश्यक होते, आणि तुमच्या शाखेत ते दुसऱ्या कोणी बांधले नव्हते. पण काकांची रक्कम कुठे गेली आणि का गेली, हा आतला भाग अजून आतच आहे.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या शेऱ्याकडे वळतो. ‘गोड बोलून गुंडाळणे’ हा ‘मॉलिफाय’चा अर्थ नाही, कोणत्याही काळात नव्हता. शब्द एवढेच सांगतो, की रागावलेल्या माणसाचा राग सौम्य झाला. तो कशाने झाला, खऱ्या बोलण्याने की थापेने, याविषयी शब्द गप्प आहे. आणि ज्याच्याविषयी तो रागावला होता ते प्रकरण मिटले की नाही, याविषयीही तो गप्पच आहे. सहकाऱ्यांनी त्या मोकळ्या जागेत आपल्या मनातला अर्थ भरला. साहेबांनी बहुधा काहीच भरले नाही. शाखेत आरडाओरडा थांबला, याचे त्यांना बरे वाटले आणि त्यांनी मनापासून आभार मानले. ते कौतुक आहे, ते कौतुक म्हणूनच घ्या. फक्त ते अर्ध्या कामाचे कौतुक आहे, एवढे तुम्ही स्वतःशी समजून असा.

तरीही तुम्हाला त्या शब्दात जे काही टोचले, त्याला आधार नाही असे मी म्हणणार नाही. इंग्रजीत ‘मॉलिफाय’ हा शब्द जवळजवळ नेहमी तिसऱ्या माणसाविषयी, त्याच्या पाठीमागे वापरला जातो. समोर बसलेल्या माणसाला ‘मी तुम्हाला मॉलिफाय करतो आहे’ असे कोणी म्हणत नाही. म्हटले तर तो अधिकच भडकेल. ज्याच्या हातात काहीतरी आहे त्याने, ज्याचा त्रास होतो आहे त्याला मऊ केले, अशी थोडी वरून पाहण्याची नजर त्या शब्दात असते. ती नजर तुमची नव्हती, म्हणून तुम्हाला तो शब्द आपला वाटला नाही. तुमचा कान चांगला आहे.

इंग्रजीत या अर्थाच्या आसपास पुष्कळ शब्द आहेत आणि कोणता कुठे चालतो, हे कळले तर पुढच्या ई-मेलला उत्तर लिहिताना तुम्हाला उपयोग होईल. ‘मॉलिफाय’चे कर्म बहुतेक वेळा माणूस असतो किंवा त्याचा राग असतो. ‘मिटिगेट’चे कर्म मात्र हानी, तीव्रता, संकट हे असते, आणि तोही ‘मऊ’ अशाच अर्थाच्या ‘मीटिस’ या लॅटिन शब्दापासून आला आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी उतरले. त्या गाडीने टंचाईची झळ कमी केली, म्हणून तिथे ‘मिटिगेट’ शोभेल. ‘मॉलिफाय’ लिहिले तर लातूरकरांचा राग शांत करण्यासाठी गाडी पाठवली असा वेगळाच अर्थ निघेल. ‘अपीज’मध्ये शांतता या अर्थाचा शब्द आहे, पण १९३८ साली हिटलरशी झालेल्या म्युनिक करारानंतर त्याला असा डाग लागला, की आज तो उच्चारला की दांडग्यापुढे नमते घेतल्याचा वास येतो. तुमच्या काकांच्या बाबतीत तो शब्द चुकूनही वापरू नका. दांडगाई त्यांनी केलेली नाही.

दोन शब्दांवर मात्र मला थोडे थांबावेसे वाटते. एक ‘असुएज’. तो शोक, भूक, अपराधीपणा अशा भावनांसाठी वापरतात. त्याच्या पोटात लॅटिनमधला ‘सुआविस’ म्हणजे गोड हा शब्द आहे, आणि त्याचे नाते आपल्या ‘स्वादु’शी व इंग्रजीतल्याच ‘स्वीट’शी आहे. म्हणजे दुःख गोड करून सोसण्याजोगे करणे. दुसरा शब्द ‘सूद’. आज त्याचा अर्थ आहे शांतवणे, रडत्या मुलाला थोपटणे, ठणका कमी करणे. पण जुन्या इंग्रजीत ‘सूथ’ म्हणजे सत्य, आणि त्यापासून झालेल्या क्रियापदाचा मूळ अर्थ होता ‘खरे असल्याचे सिद्ध करणे’. या ‘सूथ’चे नाते आपल्या ‘सत्’शी, म्हणजे ‘सत्य’ या शब्दातल्या ‘सत्’शी आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमारास त्या क्रियापदाचा अर्थ झाला ‘तू म्हणतोस ते खरे’ असे म्हणत समोरच्याच्या होला हो मिळवणे, आणि त्यातून हळूहळू ‘शांत करणे’ हा आजचा अर्थ आला. सत्यापासून निघालेला एक शब्द होयबागिरीच्या गावावरून शांततेच्या गावी पोचला! तुमच्या सहकाऱ्यांच्या मनात जो अर्थ होता तो या मधल्या मुक्कामाचा होता, आणि तोही दुसऱ्याच शब्दाचा.

मऊ, गोड आणि खरे. माणसाला शांत करण्यासाठी इंग्रजीत रूढ असलेल्या तीन क्रियापदांच्या मुळाशी हे तीन शब्द आहेत आणि तिन्ही आपल्या ओळखीचे आहेत. तुम्ही त्या दिवशी काकांशी मऊ बोललात आणि चहाने थोडे गोडही केलेत. खरे काय ते सांगणे सोमवारवर गेले, कारण त्या क्षणी ते तुम्हालाच ठाऊक नव्हते. ‘चौकशी करून ठेवते’ हे तुम्ही खोटे बोलला नाहीत. ते खोटे ठरेल ते सोमवारपर्यंत चौकशी झाली नाही तर.

आता मराठी नोंदीचा प्रश्न. आपल्या भाषेत या कामासाठी शब्दांची कमतरता नाही, उलट निवड कठीण व्हावी इतके शब्द आहेत, आणि प्रत्येकाला आपापला स्वभाव आहे. ‘नरम केले’ असे लिहू नका. हा शब्द मूळचा फारसी, आणि ‘नरम पाडणे’ म्हणजे समोरच्याची मिजास उतरवणे, हा अर्थ आपल्याकडे घट्ट बसला आहे. ‘गार केले’, ‘थंड केले’ यांतही समोरच्याला हरवल्याची आढ्यता आहे. ‘रुसवा काढला’ हे घरातल्या माणसांसाठी ठीक, शेतकऱ्याच्या हक्काच्या पैशाला रुसवा म्हणणे त्याचा अपमान ठरेल. ‘मनधरणी केली’ हे थोडे जवळ येते, पण मनधरणी आपल्याला काही हवे असते तेव्हा करतात. ‘समजूत घातली’ किंवा ‘समजूत काढली’ हे कार्यालयीन भाषेत सर्रास लिहिले जाते. इथे मात्र ते मला पटत नाही, कारण समजूत घालण्यात असे गृहीत असते, की समोरच्याची समज चुकली होती. काकांची समज चुकली होती की बँकेचा व्यवहार, हे अजून ठरलेले नाही.

मला या जागी ‘निवळणे’ हा शब्द सर्वांत नेमका वाटतो. पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घरी आणले की निवळीचे बी घड्याच्या आतल्या बाजूला घासून पाणी ठेवून देत. काही वेळाने वरचे पाणी नितळ होई आणि गाळ तळाशी बसे. ‘राग निवळला’ असे आपण म्हणतो तेव्हा हेच चित्र नकळत डोळ्यांपुढे असते, आणि त्या चित्राची खुबी अशी, की गाळ नाहीसा झाला असा दावा त्यात नाही. घडा पुन्हा हलला की पाणी पुन्हा गढूळ होईल, हे ज्याने निवळलेले पाणी प्यायले आहे त्याला सांगावे लागत नाही. ‘मॉलिफाय’ जे बोलत नाही, ते ‘निवळणे’ न बोलता सांगून जाते.

तेव्हा अहवालात दोन वाक्ये लिहा, एक लिहून थांबू नका. “ग्राहकाचे म्हणणे सविस्तर ऐकून घेतल्यावर त्यांचा राग निवळला. विम्याची रक्कम कर्जखात्यात वळती झाल्याबाबतची त्यांची तक्रार प्रलंबित असून चौकशी चालू आहे.” दुसरे वाक्य लिहिण्यासाठी तुम्हाला काकांची तक्रार लेखी घेऊन तिची पोच द्यावी लागेल, ती अजून घेतली नसेल तर सोमवारी आधी तेच करा. पहिलेच वाक्य राहिले, तर सहा महिन्यांनी तो अहवाल वाचणाऱ्याला प्रकरण मिटले असे वाटेल, आणि त्या वेळी तुम्ही दुसऱ्या शाखेत असाल, काका मात्र त्याच खिडकीपुढे उभे असतील.

साहेबांनाही उत्तर लिहा. न लिहिणे म्हणजे त्यांचा शब्द पूर्ण आहे असे मान्य करणे. तक्रारीचा सूर नको आणि शब्दाच्या व्युत्पत्तीचा धडाही नको. तो तुमच्या-माझ्यात राहू द्या. आभाराबद्दल आभार माना आणि पुढच्याच वाक्यात लिहा, की ग्राहक सोमवारी परत येणार आहेत, रक्कम कोणत्या तारखेला आणि कोणत्या आदेशावरून वळती झाली याची माहिती मला त्याआधी हवी आहे. मराठीत लिहिलेत तरी चालेल. ज्या साहेबांना आभार मानावेसे वाटले, ते एवढी माहिती काढून देतील असे मला वाटते. न मिळाल्यास तसे काकांना स्पष्ट सांगा आणि कोणाकडे, किती दिवसांत दाद मागायची तेही सांगा.

‘मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये’ अशी म्हण आपल्याकडे आहे. काका शांत होऊन गेले, याचा अर्थ ते पुन्हा पुन्हा शांत होऊन जातील असा शाखेतल्या कोणी घेतला, तर ही म्हण त्यांना ऐकवण्याचा अधिकार तुम्हालाच आहे, कारण तो मऊपणा तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून आलेला आहे. खेड्यातला मोठा माणूस लेकीच्या वयाच्या मुलीसमोर आवाज खाली घेतो, तेव्हा तिच्या वागण्याचा मान राखून घेतो. त्याने हक्क सोडलेला नसतो.

सोमवारी ते येतील तेव्हा क्रम फक्त एकदा बदला. आधी खात्याचा उतारा त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यातली ती नोंद बोटाने दाखवून वाचून दाखवा, चूक बँकेची असेल तर तसे आणि नसेल तर नियम काय आहे तो, त्यांना कळेल अशा भाषेत सांगा. त्यांचा आवाज पुन्हा चढला तर चढू द्या, त्यांना मध्येच थांबवू नका. चहा त्यानंतर मागवा.